कान न टोचलेली बंदूक

ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती घ्यायची, तर ती बारही काढणारी असावी आणि दिवाणखान्यातही शोभावी, अशी हौशी माणसाची इच्छा असते. इटलीत किंवा अमेरिकेत ती पुरी होते. गार्दोने गावचे पेडरसोलीसारखे कारखाने जुन्या घाटाच्या नव्या बंदुका बनवतात. लोक त्या रविवारी मैदानात उडवतात आणि सोमवारी भिंतीवर टांगतात. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शाहपुरात मात्र या दोन हौशींची पत्रिका जुळत नाही. म्हणून शाहपूरकरानं उडवण्याचा नाद सोडावा आणि काही केल्या उडणारच नाही अशी बंदूक पारखून घ्यावी, असं माझं मत आहे. हे मी ठासून सांगतो. या विषयात दुसरं क्रियापद शोभणार नाही.

यावर पहिली हरकत केळीच्या बागेतून येणार. भिंत राहू द्या, रानडुकरांचं काय? हरकतीला कायद्याचा आधारही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. पण त्याच कलमात पुढे अशी पुस्ती आहे की राखणीला ही बंदूक पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, तर त्याला बिनआट्यांच्या नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही डुकराबद्दल खात्री नव्हती. ती नसणंच बरोबर. नळीत दारू ओता, वर गोळी सोडा, गजानं ठासा, गज काढा (तो नळीत विसरून चाप ओढणारे शूर पलटणीतही होऊन गेले), टोपी बसवा, मग नेम धरा. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी, म्हणजे एका बाराला वीस सेकंद. तेवढ्यात डुक्कर बांध ओलांडून शेजाऱ्याच्या बागेत पोचतं आणि प्रश्न त्याचा होतो. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा बसलेला आहे. उरला नुसता आवाज. तो दिवाळीतल्या सुतळी बॉम्बचाही होतो, आणि त्याची नळी धुवावी लागत नाही. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते. बार काढल्यावर नळी गरम पाण्यानं धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली नाही, तर पावसाळ्यात ती आतून गंजते. त्यातून परवान्याची बंदूक नीट बंदोबस्तात ठेवायची असते. कुलपातली शोभा पाहुण्यांना कशी दाखवणार?

दुसरी हरकत जाणकारांची: नक्कल कशाला, अस्सल जुनीच घ्या. अस्सल वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावस्तूंच्या कायद्यात जाते आणि तिच्या खरेदी-विक्रीला सरकारी शिस्त लागते. बरं, जुन्या नळीचं लोखंड आतून किती खाल्लं गेलंय हे बाहेरून कळत नाही. नकलेचं वय तरी ठाऊक असतं, आणि ती लपवतही नाही.

मग नक्कल कुठल्या बंदुकीची? बाजारात १८५३ च्या एन्फिल्डचा दबदबा फार. साडेचार फुटांहून थोडी लांब, नळीत तीन आटे, आणि काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली झालेला भडका पाठीशी. टांगायची तर टीव्ही हलवावा लागेल, पण तेही चालेल. अडचण वेगळीच आहे. शाहपूरच्या घरात तिच्यावर तसबीर लागणार बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाची. तो गड अकबरानं १६०१ मध्ये घेतला आणि इंग्रजांनी दुसऱ्यांदा, एप्रिल १८१९ मध्ये. एन्फिल्ड त्यानंतर चौतीस वर्षांनी जन्मली. गडाच्या तसबिरीखाली ती लावणं म्हणजे मुंजीच्या फोटोत नातू उभा करणं. १८१९ च्या वेढ्याला चकमकीची बंदूक शोभेल, पण दोन्ही वेढ्यांत हक्कानं उभी राहील ती तोडेदार. जळता तोडा, नळीच्या कानाशी चिमूटभर रंजक (पेट घ्यायची दारू) आणि बाकी देवाची मर्जी. शब्द ‘रंजक’ असला तरी पावसात ती भिजली की सगळा खेळ संपे. दिसायला मात्र हिच्यासारखी बंदूक नाही. तोड्याचा तो वाकडा चिमटा पाहून पाहुणा हमखास विचारतो, ‘हे काय?’ शोभेच्या वस्तूला याहून जास्त काय हवं?

शेवटची मेख कायद्याची. आपल्याकडे बनून परदेशी जाणाऱ्या कित्येक प्रतिकृतींचा कान टोचलेला नसतो, म्हणजे बत्ती द्यायचं छिद्रच पाडलेलं नसतं. विकणारा सांगतो, ‘साहेब, ही उडतच नाही.’ पण शस्त्र कायद्याचं पंचेचाळिसावं कलम जी सूट देतं, ती कालबाह्य घाटाच्या, दुरुस्त करूनही न उडणाऱ्या हत्याराला. आणि कान टोचायला लोहाराला कितीसा वेळ लागतो? तेव्हा नळी वरून नळीसारखी आणि आतून भरीव हवी. दुकानात गेल्यावर दस्त्यावरची पितळी फुलं मागाहून पाहा. आधी गज मागून घ्या आणि नळीत घाला. वीतभर जाऊन अडला, तरच पैसे द्या.