नववीतला डिस्लेक्सिया

मुंबईच्या उपनगरांत डिस्लेक्सिया साधारण नववीच्या दिवाळीनंतर होतो. पहिली ते आठवी मूल ठणठणीत असतं. म्हणजे आळशी असतं, मस्तीखोर असतं, 'डोकं आहे पण वापरत नाही' या जुन्या गटातलं असतं, एवढंच. मग बोर्डाचं वर्ष दिसायला लागतं, क्लासचे सर हळूच सुचवतात, 'एलडीचं बघा की एकदा', आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे आईबाप फाइल बगलेत मारून पालिकेच्या रुग्णालयांकडे धावत सुटतात.

ही अध्ययन अक्षमता, म्हणजे सरांची 'एलडी', मुलात पहिल्यापासूनच असते. बुद्धी शाबूत असते. अडतं ते वाचणं, लिहिणं किंवा आकडेमोड. आठव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे तिसरीत, ती तपासून नक्की सांगता येते. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं की प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून द्यायचं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करायची. चौदावं वर्ष म्हणजे नववी. सरकारने जी वेळ दुसऱ्या तपासणीची ठरवली, त्या वेळी आपण पहिल्यांदा रांगेत उभे राहतो.

मधल्या सहा वर्षांत काय होतं, ते तिसरीतल्या कुठल्याही अशा मुलाच्या वहीत बघा. 'सूर्य' हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी: सुर्य, सुयर्, सुय. 'घर'चं 'धर' झालेलं, 'भात'चा 'मात'. फळ्यावरून उतरवताना मधली ओळच गायब. समासात लाल शाईत शेरा: 'लक्ष देत नाही. पालकांनी भेटावे.' त्याच मुलाला विचारा, ग्रहण कसं लागतं. तो टेबलावरचा डबा, झाकण आणि आजीची औषधाची बाटली मांडून तुम्हाला खग्रास दाखवेल. त्याचे मार्क नसतात. मार्क 'सूर्य'चे असतात.

पालक भेटतात. घरी येऊन फर्मान सुटतं, 'चुकलेला शब्द वीस वेळा लिही.' मूल आज्ञाधारक असतं. ते वीस वेळा चुकीचा लिहितं. मग हस्ताक्षराचा क्लास, अबॅकस, फोनिक्स, शिवाय सगळ्या विषयांची शिकवणी. सोसायटीत विचाराल तर कारणही तयार असतं: मोबाइल. सासरच्या बाजूचं कारण वेगळं असतं, ते आईचं नोकरी करणं.

'तारे जमीं पर' २००७ साली आला तेव्हा अंधेरी-घाटकोपरच्या थिएटरांत लोकांनी रुमाल भिजवले. घरी येऊन पोराला म्हणाले, 'बघ, त्याला निदान चित्रं तरी काढता येत होती.' त्या सिनेमातला डिस्लेक्सिया असलेला ईशान तिसरीत होता, दुसऱ्यांदा तिसरीत. ही गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही. ईशान नववीत असता तर त्याची अडचण ओळखणारे निकुंभ सर त्याला भेटले नसते. बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भेटला असता. कच्ची मुलं बाहेरून बसवली की शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो आणि गेटवर फ्लेक्स लावता येतो.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केलं नाही असं नाही. उलट आपण देशाच्या पुढे होतो. सवलतींचा सरकारी निर्णय १९९६चा आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक चालवलं, त्यावर संशोधन केलं. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका माफ, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित: हे सगळं आपल्या बोर्डाने दिलं. मिळालंच पाहिजे. 'त्यांचं बरं आहे बाई, आमच्या पिंट्याला पण मिळेल का' असं व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिणाऱ्यांनी एक दिवस मिंग्लिश सोडून मोडीत पेपर लिहून बघावा.

पण सवलत परीक्षेच्या तीन तासांची असते आणि शाळा दहा वर्षांची. नववीत प्रमाणपत्र देऊन शिकवायला कोणी न देणं म्हणजे पास काढून दिला आणि गाडीच रद्द केली. अशा मुलाला लागतं ते वेगळ्या रीतीचं शिकवणं: अक्षर आणि आवाज यांची जोडी सुटी सुटी करून, रव्यात बोटाने गिरवून, थोडं थोडं, आठवड्यातून दोन-तीनदा, काही वर्षं. ते तिसरीत सुरू झालं तर नववीत धावपळ कमी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्रमाणही सांगून ठेवलंय: प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. आता तुमच्या शाळेच्या माहितीपत्रकात बघा. स्विमिंग पूल सापडेल, रोबोटिक्स लॅब सापडेल. विशेष शिक्षकाबद्दल विचारलंत तर उत्तर येईल, 'शॅडो टीचर तुम्ही ठेवा, पगार तुम्ही द्या, आमची काही हरकत नाही.' केवढं हे मोठं मन!

एक खास उपनगरी घोळही आहे. घरात मराठी, शाळा इंग्रजी. मूल अडखळलं की ते इंग्रजी परकी म्हणून अडखळतंय की वाचणंच अवघड जातंय, हे नुसत्या इंग्रजी चाचणीतून कसं कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाच्या चाचण्या तयार केल्या, त्या हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहेत. आता तुमच्या शाळेत 'डाली'बद्दल विचारून बघा. चित्रकलेच्या बाईंकडे पाठवतील.

वर्गात करायच्या निम्म्या गोष्टींना तर दमडी लागत नाही. पुढच्या बाकावर बसवा. फळ्यावरचं उतरवायला लावण्याऐवजी छापील कागद द्या. चाळीस पोरांसमोर उभं करून धडा वाचायला लावू नका. उत्तर तोंडी घ्या. घरी मूल 'आई, तू वाच, मी ऐकतो' म्हणालं तर ते लाडावलेलं नाही, त्याने स्वतःपुरता मार्ग शोधलाय, वाचून दाखवा.

तुमचं मूल दुसरी-तिसरीत असेल आणि बोलण्यात चुणचुणीत पण वहीत भुईसपाट असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात अशी मुलं लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांवर टाकलेली आहे. अर्जात कलमाचा आकडा घाला, आकड्याला शाळा मान देते. आणि मूल नववीत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तपासणीची तारीख घ्यायला निघा. कान-डोळे, बुद्ध्यांक, मग शैक्षणिक चाचणी, असे बरेच हेलपाटे असतात.