परीक्षक क्रमांक दोन

शास्त्रीय नियतकालिकाकडे निबंध धाडल्यावर पहिल्या परीक्षकाचा दोन ओळींचा अनुकूल शेरा आणि दुसऱ्याचे पानेच्या पाने हरकतपत्र एकाच पाकिटातून ज्यांच्या पदरी पडले आहे, त्यांना आमच्या या स्नेह्यांची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक निबंध हाती येताच आधी संदर्भसूची उघडतात, तीत स्वतःचे नाव आहे ना याची खातरजमा करतात, आणि मग लिहितात, ‘निष्कर्ष ग्राह्य, तथापि आणखी एक प्रयोग आवश्यक.’

घरीही तेच. पुतणीसाठी आलेल्या स्थळाची पत्रिका, पगार व निर्व्यसनीपणा सर्वांच्या पसंतीस उतरला असता यांनी ‘तथापि आणखी एक भेट, शक्यतो पावसाळ्यात’ अशी अट घातली, वहिनींच्या आमटीलाही ‘मीठ योग्य, तथापि तुलनेसाठी बिनमिठाची एक वाटी हवी होती’ हा शेरा मिळाला.

कोणी तक्रार केलीच तर ते आइन्स्टाइनला साक्षीस बोलावतात. १९३६ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’ने त्याचा आणि रोझेनचा गुरुत्वतरंगांवरील निबंध परीक्षकाकडे धाडला, तेव्हा संतापून त्याने तो परत मागवला, पण हरकत रास्त होती, आणि पुढल्या वर्षी निबंध दुसरीकडे छापून आला तो निष्कर्ष बदलूनच. मात्र त्या परीक्षकाने, म्हणजे रॉबर्टसनने, चूक कोठे आहे ते स्वतः गणित मांडून दाखवले होते, ‘आणखी काहीतरी करून आणा’ असे फर्मान सोडले नव्हते, एवढा तपशील आमचे स्नेही सोयीस्कर गाळतात. यांच्या एका ओळीपायी आडगावच्या कॉलेजातील संशोधकाला परगावच्या एनएमआर यंत्रापुढे पाळी लावावी लागते, आणि पाळी येईतो त्याच्या शिष्यवृत्तीची मुदत सरते.

असे असूनही एका रात्री मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कोणा अपरिचित विद्यार्थ्याच्या निबंधातील प्रत्येक संयुगाचा रेणुभार ते स्वतः कागदावर पुन्हा काढीत होते. तिसऱ्या तक्त्यातला एक हायड्रोजन त्यांनी हुडकला होता, इंग्रजी वाक्ये मोडून सरळ केली होती, आणि या कामाचा एक छदामही त्यांना मिळणार नव्हता. तो निबंध इतक्या जिव्हाळ्याने त्या मुलाच्या मार्गदर्शकाने तरी वाचला असेल की नाही, देव जाणे. मुलगा शेवटी ‘अनामिक परीक्षकांचे आभार’ एवढेच छापील, आणि तेही बहुधा दातओठ खाऊन.