शटर बाहेर, मिस्त्री आत

किचनची शटरं स्वतःच्या शेडमध्ये बनवायची की जॉबवर्कला द्यायची, हा विचार छोट्या सुतारी कारखान्यात सहसा बाहेरचं कोटेशन हातात पडल्यावर सुरू होतो. पुण्यात धायरी-नऱ्ह्याकडच्या एखाद्या शेडमध्ये एक कटर, एक राउटर आणि चार माणसं एवढ्यावर धंदा चालतो. शेजारच्या गल्लीत कुणीतरी पॅनेल सॉ, हॉट प्रेस आणि एजबँडिंगचं मशीन लावून बसलेला असतो, आणि मशीनचा हप्ता फेडायला त्याला दुसऱ्यांची शटरं हवी असतात. चर्चेत दोन पक्ष असतात. मालकाकडे कॅल्क्युलेटर, मिस्त्रीकडे कानामागची पेन्सिल.

सुरुवात दरापासून होते.

मालक : माल सोडून एक शटर आपल्याला ५०० रुपयांना पडतं. बाहेर ३५०. महिन्याला शटरं ४०. म्हणजे ६,००० वाचले!

मिस्त्री : शेठ, त्या ५०० मध्ये माझा पगार धरलाय का?

मालक : धरलाय ना. पगार आणि शेडचं भाडं मिळून ३००.

मिस्त्री : मग शटरं बाहेर गेली की मला काढणार?

मालक : छे, काहीतरीच काय!

मिस्त्री : भाडं कमी होणार?

मालक : शेडवाला गेल्याच महिन्यात वाढवून गेला.

मिस्त्री : म्हणजे ३०० जाणारच. वाचले ते विजेचे, फेव्हिकॉलचे, ब्लेडच्या धारेचे, असे २००. द्यायचे ३५०, वर टेम्पोचे ३०.

मालक कॅल्क्युलेटर पुन्हा बडवतो. शटरमागे १८० चा खड्डा, ४० शटरांना ७,२००. बहुतेक चर्चा इथेच आटोपतात, आणि घाईने आटोपतात. मोकळ्या झालेल्या हातांना काम आहे का, यावर सगळं अवलंबून असतं. त्याच माणसांनी महिन्यात आणखी एक किचन बसवून दिलं आणि त्यात ७,२०० हून जास्त सुटले, तर बाहेर देणंच फायद्याचं. ऑर्डर नसेल, तर मिस्त्री पगारी चहा पिणार आणि शेजाऱ्याचा हप्ता आपण फेडणार.

मालक : ऑर्डरी आहेत. दोन पार्ट्या रोज फोन करतात.

मिस्त्री : कशाला?

मालक : जुनं काम कधी संपणार, ते विचारायला.

म्हणजे काम तुंबलंय, आणि ते शटरांपाशीच तुंबलंय. हाताने लॅमिनेट चिकटवून, कडा कानशीने घासून निघणारं शटर दिवस खातं. मशीनवर कडेची पट्टी काही सेकंदांत बसते. इथवर मिस्त्रीही मान डोलावतो. मग मोजमाप निघतं.

मालक : मापं लिहून द्या. त्यांना मिलिमीटरमध्ये लागतात.

मिस्त्री : त्यात काय! पावणेअठरा इंच, सूतभर कमी.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. शेजारशेजारच्या दोन शटरांत फटच साधारण ३ मिलिमीटरची असते. स्वतःच्या शेडमध्ये सूतभर चूक रंध्याने निघते. बाहेरून पट्टी लागून आलेल्या शटरला रंधा लावला की पट्टीचे पैसे वाया.

मिस्त्री : बरं, ४५० लिहिलं. पट्टी धरून की सोडून?

मालक : त्याने काय फरक पडतो?

२ मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंना लागली की ४५० चं शटर ४५४ होतं. अशी दोन शेजारी आली की ८ मिलिमीटर जास्त, फट गिळून वर एकमेकांवर चढणार. बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचं भोक आधीच पाडून आलेलं असलं, तर पंचाईत दुप्पट. चूक लिस्ट लिहिणाऱ्याची, त्यामुळे जॉबवर्कवाला पूर्ण बिल लावतो.

मिस्त्री : लॅमिनेटच्या रेषा उभ्या की आडव्या, तेही लिहा. सांगितलं नाही, तर तो शीट वाचवायला तुकडे फिरवणार. मग एक दार सागाचं झाड, शेजारचं पाडलेलं झाड.

कागदपत्रांचा भाग मिस्त्री जांभई देत ऐकतो, पण मालकाला तो टाळता येत नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कला गेलेला कच्चा माल १ वर्षात परत यावा लागतो. नाही आला तर पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर बसतो. चलनाशिवाय शीट टेम्पोत चढवायची नाही. जॉबवर्कवाला नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात.

मालक : आणि आपल्या पार्टीने आपले किती दिवसांत द्यायचे?

मिस्त्री : तो कायदा माळ्याच्या शटरसारखा, शेठ. हात पोचला तर आपला.

शेवटी वाटणी होते. एकाच मापाची सरळ शटरं बाहेर. कोपऱ्याची, तिरक्या भिंतीची आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीची घरी. ती कोटेशनमध्ये बसत नाहीत. पहिल्या खेपेला एकाच किचनची शटरं द्यायची, ती बसवून बघायची, आणि मगच महिन्याचा दर ठरवायचा. लॅमिनेट आपणच एका लॉटमधलं घ्यायचं आणि एक शीट जास्त ठेवायची. दोन महिन्यांनी एखादं शटर बदलायची वेळ आली तर रंग जुळायला हवा.

मालक : मग हो म्हणू त्यांना?

मिस्त्री : म्हणा. लिस्ट मी लिहितो. मिलिमीटरमध्ये. फक्त टेप नवीन आणा.

मालक : जुन्याला काय झालं?

मिस्त्री : सुरुवातीचे आकडे पुसलेत. मी १० सेंटिमीटरपासून धरतो.

मालक : आणि मग १० वजा करता ना?

मिस्त्री : बहुतेक वेळा.