हमीभावाचा टोफू

पुण्यात लेकीनं एका हॉटेलात मापो टोफू खाऊ घातला, त्या दिवसापासून मी चिनी स्वयंपाकातला जाणकार आहे. चिखलीत या विषयावर माझ्याशी वाद घालणारं कुणी नाही, हे जाणकार होण्यामागचं मुख्य कारण. चायनीजच्या गाडीवरून जाताना हल्ली मी किंचित हसतो. मंचुरियन हा पदार्थ नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत काढला, मंचुरियाशी त्याचा संबंध नावापुरता, हे मी गाडीवाल्याला समजावूनही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हाफ का फुल?’’ मी फुल घेतली.

मापो टोफूचं घराणं मात्र अस्सल. सिचुआनमधल्या चेंगदू शहरात, १८६२च्या सुमारास, एका पुलाजवळ चेन आडनावाच्या माणसाची खानावळ होती. त्याच्या बायकोच्या तोंडावर देवीचे वण. तेल वाहून आणणारे हमाल तिथं जेवायला टेकत आणि ही बाई त्यांना टोफू, थोडा खिमा, तेल आणि तिखट यांचा जाळ करून वाढत असे, असं सांगतात. ही कथा मी घरी इतक्यांदा सांगितली, की बायको शेवटी म्हणाली, ‘‘अहो, त्या बाईनं निदान रांधलं तरी.’’

असं म्हटल्यावर माणूस उठतोच. खिमा बाद होता, आईच्या गळ्यात माळ आहे. राहिला टोफू. तो गावात कुणाकडे नव्हता. एका दुकानदारानं तर ‘‘कोणत्या कंपनीचा?’’ असं विचारून मला मोबाइलची कव्हरं दाखवली. सोयाबीन मात्र घरात होतं. भाव वाढेल या आशेवर थोपवलेली पोती पुढच्या खोलीत थप्पी लावून होती आणि पाहुण्यांना त्यांच्यावरच बसवायची वेळ आली होती. म्हटलं, टोफूच घरी पाडू.

टोफूसाठी सोयाबीनचं दूध काढायचं आणि ते फाडायला काहीतरी लागतं. चीनमध्ये त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जिप्सम वापरतात, हे वाचलं आणि मला अभिमानानं भरून आलं. जिप्सम तर आपलंच! शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात चोपण जमीन सुधारायला तेच टाकतात. आणखी वाचलं तर मॅग्नेशियम सल्फेटनंही टोफू जमतो. तेही आपलंच, कपाशीवर लाल्या आला की फवारतो ते. मग मला दिसायलाच लागलं, की आपलं कृषी केंद्र म्हणजे मुळात चिनी किराण्याचं दुकान आहे, फक्त दुकानदाराला ते कुणी सांगितलेलं नाही. मी सांगायला गेलो.

‘‘जिप्सम पाहिजे.’’

‘‘किती एकर हाय?’’

‘‘एक पातेलं.’’

त्यानं पेन खाली ठेवलं. ‘‘माती तपासली का?’’

‘‘मातीत नाही टाकायचं. खायचंय.’’

दुकानात बसलेली चार माणसं सावरून बसली. विदर्भातल्या कृषी केंद्रात येऊन कुणी ‘खायचंय’ म्हणालं, की कुणी हसत नाही. एकानं माझ्यासाठी चहा मागवला. दुसऱ्यानं, कर्ज किती आहे, हे फार मायेनं विचारलं. मी टोफू, चेंगदू, चेनबाई असं सगळं सांगायला लागलो, तसतसे त्यांचे चेहरे जास्तच काळजीत पडले. शेवटी दुकानदारानं हात जोडले, ‘‘सर, शेतीचा माल हाय तो, पोटात नाही घालायचा. लिंबू घ्या, लिंबू.’’ बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. दोघांनी मला घरापर्यंत सोडलं.

मग लिंबू. सोयाबीन रात्रभर भिजवलं, सकाळी सालं काढून मिक्सरमधून काढलं, फडक्यातून गाळलं. हे दूध नीट उकळावंच लागतं. कच्चं सोयाबीन पोटाला पचत नाही आणि त्याचा हिरवट वासही उकळल्याशिवाय जात नाही. उकळताना मात्र ते गाईच्या दुधासारखी सूचना देत नाही. फेस एकदम येतो आणि ओट्याची मोजणी करून खाली उतरतो. बायकोनं काही न बोलता फडकं घेतलं. ती न बोलता फडकं घेते तेव्हा मी सिचुआनबद्दल बोलत नाही.

वडी दाबून होईपर्यंत मी हिशेब केला. दोनशे ग्रॅम टोफूला शंभरेक ग्रॅम सोयाबीन पुरतं. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे पाच रुपये तेहतीस पैसे. तेही हमीभाव मिळाला तर. लेकीनं पुण्यात त्या वाडग्याचं बिल मला दिसू दिलं नव्हतं, पण पाच रुपये तेहतीस पैसे नक्की नव्हतं. खरेदी केंद्रावर आमच्या दाण्यात बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की ट्रॅक्टर परत फिरवतात. आणि टोफू? त्यात निम्म्याहून जास्त पाणीच. आम्ही पाणी आणलं तर माल नापास, टोफूवाल्यांनी पाणी घातलं तर माल काचेच्या फ्रीजमध्ये. याच्यावर मला विनोद सुचत नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. ‘‘हे त पनीर हाय. आजारातून उठलेलं.’’

‘‘सोयाबीन आहे, आई. आपल्या वावरातलं.’’

ती जवळ आली. ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं तेव्हापासून तिनं ते पेरलंय, निंदलंय, सोंगलंय. तिच्या बोटांवर शेंगांच्या टोकांचे ओरखडे आहेत. ज्वारी होती तेव्हा पीक घरात आलं, की आधी कोठीत पडायचं, मग बाजारात. कडबा गुरांना. सोयाबीन घरी थांबलं तरी पोत्यातच, आणि तिथून थेट काट्यावर जातं. एवढ्या वर्षांत त्यातला एक दाणा तिच्या तोंडात गेला नव्हता, आणि माझ्या डोक्यात हे कधी आलंही नव्हतं. तिनं वडीचा कोपरा तोडला, मीठ लावलं आणि उभ्यानंच खाल्ला. ‘‘अस्सं लागते व्हय हे,’’ म्हणाली. कौतुक नव्हतं, तक्रारही नव्हती.

पुढचं भरभर झालं. बाकल्याचं आंबवलेलं तिखट मिळणार नव्हतं, म्हणून लाल मिरचीचा ठेचा, लसूण, आलं, सोया सॉस. जीभ बधिर करणाऱ्या सिचुआनी मिरीऐवजी तिचं कोकणातलं भावंड, तिरफळ; ते मालवणच्या एका मित्रानं धाडलं होतं. कोकणी माणूस ते बांगड्याच्या कढीत बेतानं घालतो. मी वऱ्हाडी बेतानं घातलं. पहिल्या घासाला आई तिखटावर हसली, दुसऱ्याला थांबली. ‘‘बापा, माही जीभ कुठी गेली?’’ मी शास्त्रीय खुलासा करायला तोंड उघडलं, पण माझीही जागेवर नव्हती.

तोवर तिनं गाळून उरलेला चोथा ताब्यात घेतला होता. त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, तीळ, ओवा घालून तिनं थालीपिठं लावली. संध्याकाळी पाहुणे आले, पोत्यांवर बसले, थालीपिठं संपवली आणि मापो टोफूकडे आदरानं बघत राहिले. एकानं विचारलं, ‘‘हे थालीपीठ कशाचं हो? भलतंच कुरकुरीत!’’

‘‘चेंगदूकडची पद्धत आहे ती,’’ मी म्हणालो.

आईनं तव्यावरून मान वळवली. ‘‘चेंगदू कोन्त्या तालुक्यात आलं रे?’’