पुळणीच्या पत्रककारास अनावृत पत्र

श्रीयुत पत्रककार महाशय,



आपल्या सहल-कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकात कॅरिबियन समुद्रातील सेबा या डच बेटाविषयी आपण जो मजकूर लिहिला आहे, तो मी वेल्स बे येथील धोंड्यांवर बसून, म्हणजे जेथे आपल्या हवाल्याप्रमाणे सोनेरी पुळण पसरलेली असावयास हवी होती नेमक्या त्याच जागी, सहकुटुंब पुन्हा वाचला. आणि मराठी गद्याला कल्पनाशक्तीचे वावडे आहे असे म्हणणाऱ्या टीकाकारांना आपण परस्पर उत्तर दिल्याबद्दल आपले जाहीर अभिनंदन करणे मला अगत्याचे वाटले.

तिकिटांच्या भावाविषयी मी बोलत नाही. 'शाकाहारी भोजनाची चोख व्यवस्था' या सदराखाली उकडलेला बटाटा आणि सहानुभूती मिळाली, तेही सोडा. न्यूअर्कला मुलाकडून निघून सेंट मार्टिनला तिन्हीसांजेला उतरावे आणि लगोलग सेबाचे विमान धरावे, ही आपली तजवीज तर निव्वळ काव्य. कारण सेबाची धावपट्टी अवघी 400 मीटरांची, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र, अशा ठिकाणी छोटी ट्विन ऑटर विमाने दिवसाउजेडीच उतरतात, आणि सूर्यनारायण आपल्या कंपनीच्या वेळापत्रकास बांधील नाहीत. रात्र पदरमोड करून सेंट मार्टिनात काढली. असो.

वाळूच्या बाबतीत मात्र 'असो' म्हणवत नाही. सेबा हा समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. क्षेत्रफळ 13 चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे 2000, आणि चहूबाजूंनी उभे कडे. वेल्स बेला थोडीशी काळसर वाळू येते ती उन्हाळ्यात, आणि हिवाळी लाटा सुरू झाल्या की समुद्र ती परत घेऊन जातो. आता जून ते नोव्हेंबर हा त्या मुलखातील चक्रीवादळांचा हंगाम. म्हणजे वाळू असते तेव्हा वादळाची धास्ती, आणि आकाश निवळते तेव्हा वाळू फरारी. निसर्गाने इतक्या काटेकोरपणे बेतलेली ही गैरसोय आपण 'डिसेंबर ते एप्रिल, सोनेरी वाळूवर निवांत क्षण' एवढ्या एका ओळीत बिनदिक्कत मिटवून टाकलीत, आणि वर नारळीची झाडे व शुभ्र किनारा असलेले एक छायाचित्रही डकवलेत. माझ्या नातीने न्यूअर्कपासून प्लॅस्टिकची बादली आणि फावडे जिवापाड सांभाळून आणले होते. तिने ती बादली एका धोंड्यावर पालथी घातली, उचलली, खाली काहीच उमटले नाही हे पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले. त्या नजरेला उत्तर द्यावयाचे कोणते कलम आपल्या करारनाम्यात आहे?

आम्हांला तेथवर आणणारा वयस्क टॅक्सीवाला हे पाहत होता. तो टोपी काढून म्हणाला, "वाळू गेली हो, माफ करा."

महाशय, येथे माझ्याच्याने उपरोध पेलवत नाही. त्याने का म्हणून माफी मागावी? ज्या रस्त्यावर त्याची टॅक्सी धावते, तो रस्ता होणे नाही असा निर्वाळा डच अभियंत्यांनी दिला होता. तेव्हा जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल नावाच्या तेथल्याच रहिवाशाने टपालाने धडे मागवून स्थापत्यशास्त्राचा अभ्यास केला, 1938 साली गावकऱ्यांनी कामाला हात घातला, पहिली मोटार 1947 साली बेटावर आली आणि रस्ता पुरा व्हायला 1958 साल उजाडले. त्यापूर्वी माल यायचा तो लॅडर बेच्या कड्यात खोदलेल्या 800 पायऱ्या चढून, माणसांच्या डोक्यावरून. यातले एक अक्षर आपल्या पत्रकात नाही. नेदरलँड्सच्या साऱ्या राज्यात ज्याहून उंच शिखर नाही तो माउंट सीनरी, त्याच्या माथ्यावरचे ढगांत बुडालेले रान, 1987 पासून राखलेले सागरी उद्यान, काही नाही! ज्या बेटाला कसलीच उणीव नव्हती त्याच्या माथी आपण खोट्या वाळूचे कर्ज मारलेत, आणि ते फेडायला त्या म्हाताऱ्याला उभे केलेत. हा निलाजरेपणा आहे.

परतल्यावर हेच सुनावण्यासाठी मी तावातावाने आपल्या कचेरीत आलो होतो, हे आपणांस स्मरत असेल. आपण मॉरिशसचा मजकूर लिहीत होता. चहावर साय धरली होती. मालकांनी घालून दिलेला साचा पुढ्यात होता, त्यात बेटाचे नाव तेवढे बदलावयाचे, आणि कचेरी बंद होण्यापूर्वी मालदीव व सेशेल्सही हातावेगळे करावयाचे होते. "साहेब, मी गुहागरच्या पलीकडे समुद्र पाहिलेला नाही," असे आपण म्हणालात, आणि माझी फिर्याद माझ्या खिशातच राहिली. जगातील यच्चयावत बेटांना आपण एकट्या गुहागरची पुळण बहाल करीत सुटला आहात, आणि तीही तुटपुंज्या पगारात, हे मला तेव्हा उमगले. आपल्या मालकांना मात्र सेबाला धाडावे, डिसेंबरात, बादली देऊन.

नुकसानभरपाईचा माझा दावा नाही. पुढील आवृत्तीत सेबाच्या नावाखाली 'येथे पुळण नाही' हे तीन शब्द ठळक टाइपात छापावेत, त्याखाली त्या रस्त्याची हकीकत द्यावी, आणि छायाचित्रातले ते बेट नेमके कोणते, हे उलटटपाली कळवण्याची तसदी घ्यावी. सौभाग्यवतींना तेथे जावयाचे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रवासी