कुलूपपंथी गृहस्थ
संगणक वापरणाऱ्यांमध्ये जे अनेक पंथ आढळतात, त्यांपैकी कुलूपपंथीयांची खूण अशी, की हे गृहस्थ हार्ड डिस्क कूटबद्ध केल्यावाचून, म्हणजे परवलीच्या वाक्याशिवाय कोणालाही वाचता येणार नाही अशी केल्यावाचून, तीत पुतण्याच्या मुंजीचा एक फोटोही ठेवत नाहीत. हे काम माऊसने उरकणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्यांना लागते ती कमांड लाइन, म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून संगणकाला राबवण्याची पद्धत. आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्यातले अक्षरही कळत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण मानला जातो.

क्लेमेन्स फ्रूविर्थ यांनी २००४ मध्ये लिनक्ससाठी आखलेली ‘लक्स’ ही रचना या पंथाला प्रमाण आहे. तिच्यात डिस्कवरील मजकूर परवलीच्या वाक्याने नव्हे, तर संगणकाने स्वैरपणे निवडलेल्या एका मुख्य किल्लीने बंद होतो आणि ती किल्ली त्या वाक्याने कुलूपबंद होऊन डिस्कच्या आरंभीच्या भागात, म्हणजे ‘हेडर’मध्ये, राहते; म्हणून हेडर बिघडले तर परवलीचे वाक्य तोंडपाठ असूनही उपयोग नसतो. हे सारे गृहस्थांना उत्तम ठाऊक असते, म्हणूनच ते हेडरची प्रत आवर्जून काढतात आणि त्याच डिस्कमध्ये जपून ठेवतात.

प्रत्यक्ष विधी मात्र पाहण्यासारखा असतो. लक्सचे कुलूप घालणाऱ्या ‘क्रिप्टसेटअप’ या प्रोग्रॅमची आज्ञा सुटताच संगणक बजावतो की डिस्कवरील सर्व मजकूर कायमचा जाईल, आणि संमतीदाखल ‘येस’ हा शब्द कॅपिटल अक्षरांत लिहून मागतो. हे गृहस्थ तो लिहितात, पुसतात, डिस्कचे नाव ‘एसडीए’ की ‘एसडीबी’ हे पुन्हा ताडून पाहतात (कारण त्या एका अक्षराच्या चुकीने घरचा हिशेब जाऊन रिकामी डिस्क शाबूत राहू शकते) आणि मग श्वास रोखून एंटर दाबतात. परवलीचे वाक्य टाइप होताना पडद्यावर एक टिंबही उमटत नाही. पुढे ते पारखायला साधारण दोन सेकंद लागतात. हा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो, जेणेकरून अंदाज बांधत बसणाऱ्या चोराला प्रत्येक प्रयत्नाची किंमत मोजावी लागावी. ती दोन सेकंदे गृहस्थ विलक्षण समाधानात घालवतात.

लॅपटॉप रिक्षात विसरला, तर हीच व्यवस्था खरोखर उपयोगी पडते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे गृहस्थ लॅपटॉप घराबाहेर नेतच नाहीत.

गॅस एजन्सीसाठी आधार कार्डाची प्रत तातडीने हवी असल्याचे पत्नी कळवते, तेव्हा ते डिस्क जोडतात, कुलूप उघडतात, माउंट करतात, म्हणजे ती डिस्क संगणकाच्या फाइलींच्या पसाऱ्यात दाखल करून घेतात, आणि फाइल शोधू लागतात. तेवढ्यात पत्नी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट घेऊन परतलेली असते. गेल्या वर्षी पाठवलेली फाइल त्याच्या डेस्कटॉपवर, आडनावासह, अजून तशीच असते.