जुन्या सर्व्हरचा मानपान

प्रत्येक कोड एडिटरने प्रत्येक प्रोग्रामिंग भाषा शिकत बसू नये. भाषेचे ज्ञान वेगळ्या लँग्वेज सर्व्हरकडे द्यावे आणि दोघांनी एकाच प्रोटोकॉलने बोलावे, असे 2016 साली मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह जाहीर केले. कटकट मिटली! पुढे प्रोटोकॉल वाढत गेला आणि काही सर्व्हर आपापल्या वयावर थांबले.

प्रकल्पाचा फोल्डर कुठला, हे सांगायला आधी ‘रूटपाथ’ होता. तो निवृत्त झाला, ‘रूटयूआरआय’ आला. तोही निवृत्त झाला, ‘वर्कस्पेसफोल्डर्स’ आले. तरी कित्येक एडिटर तिघांनाही रोज हजेरीला उभे करतात. न जाणो, एखादा म्हातारा सर्व्हर नेमका पहिल्याचीच चौकशी करायचा.

ओळीतली जागा मोजायचे माप यूटीएफ-16, त्यामुळे एका हसऱ्या इमोजीला दोन घरे. प्रोटोकॉलच्या 2022मधल्या 3.17 आवृत्तीत ‘यूटीएफ-8 चालेल का?’ असे विचारायची मुभा मिळाली. पण यूटीएफ-16 यायलाच हवे, ही सक्ती कायम. सर्व्हर मापाबद्दल गप्प राहिला, तर यूटीएफ-16 धरायचे. मौन म्हणजे संमती, तीही कायमची.

सर्व्हर लिहिणारा कधीच दुसरीकडे रमलेला असतो. त्याच्या सर्व्हरसाठी एडिटरमध्ये घातलेले ‘जर-तर’ मात्र सुखाने नांदते. कुणी ते काढलेच, तर दुसऱ्या दिवशी तक्रार हजर: ‘कालपर्यंत चालत होते, तुम्हीच बिघडवलेत.’ सर्व्हर जुना आहे, असे कुणी म्हणत नाही. एडिटर उद्धट ठरतो.